गल्ली खाली नेणारी कलाबाई

कलाबाईच्या घरात शिरताना वाकावं लागतं. ती स्वतः बुटकी, तिला चालतं. तिचा मुलगा कुंदन वाकायला विसरतो आणि कपाळ धरून शिव्या देतो. दार छोटं बांधलेलं नव्हतं. दार होतं तिथेच आहे, खालून जमीन वर आली.

सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या गिरणानगरात सगळ्यांची हीच गत. गल्लीत आधी मुरूम पडला. मग ब्लॉक बसले. ब्लॉक दबले तेव्हा त्यांच्यावर काँक्रीट आलं. ते फुटलं तेव्हा त्याच्यावर आणखी काँक्रीट. खालचं कोणी उचललं नाही. हे आमच्यावर कोणी लादलेलं नाही. निवडणूक जवळ आली की आम्हीच जाऊन नवा रस्ता मागायचो, आणि नवा रस्ता म्हणजे जुन्याच्या डोक्यावर दुसरा. टाकायला सोपं, दिसायला चांगलं. खणायला मेहनत लागते आणि खणलेलं दिसत नाही. मी जन्मभर केबल आणि पाइपांसाठी चर खणले आहेत, म्हणून सांगतो.

रस्ता वर गेला की घर खाली राहतं. मग ज्याला जमेल तो घरात भराव घालून फरशी वर घेतो. कलाबाईने दोनदा घेतली. तिसऱ्यांदा घ्यायला वर जागा उरली नाही. पंखा हाताला लागतो. एक पावसाळा आणखी असाच गेला तर घर विकण्यावाचून इलाज नाही, असं कुंदनचं म्हणणं होतं. त्याने कामरेजकडे एक फ्लॅट पाहूनही ठेवला होता.

कलाबाई अमळनेरकडची. लग्न होऊन सुरतेत आली, नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर. ती त्याच कारखान्यात बॉबिन भरायची. नवरा गेला तेव्हा कुंदन शाळेत होता. कारखाना तिने सोडला नाही. पुढे पाळीचे तास झेपेनात तेव्हा सोडला आणि घरी साड्यांवर खडे चिकटवायला घेतले, ते आजही चालू आहे. कारखान्यात काम केलेली माणसं मोठ्याने बोलतात, कारण त्यांना ऐकू कमी येतं. कलाबाई घरातही तशीच बोलते. तिने भाजी कोणती केली ते गल्लीला कळतं. कोणाबद्दल काय वाटतं तेही कळतं.

घरात पहिल्यांदा पाणी शिरलं तेव्हा तिने गावाकडच्या माणसाला सुचेल तेच केलं. दारापुढे बांध घातला. विटांचा, वरून सिमेंट. बाहेरचं पाणी मग कुठे जाईल, हा विचार गावी करावा लागत नाही. तिथे उताराला ओढा असतो. इथे शेजारी छाया राहते. पाणी छायाच्या घरात गेलं. छायाने बांध घातला, पाणी पुढच्या घरात गेलं. होता होता गल्लीतलं प्रत्येक दार बांधाआड झालं आणि ज्याचा बांध ठेंगणा त्याच्या घरात गुडघाभर पाणी. बांधावरून गावाकडे भाऊ भाऊ कोर्टात जातात. आमच्याकडे नुसतं बोलणं बंद झालं. छाया आणि कलाबाई एकाच नळावर हंडे भरायच्या आणि एकमेकींच्या हंड्याकडे बघायच्या.

संक्रांत झाल्यावर वॉर्ड ऑफिसातून जयश्रीबेन आल्या. तरुण इंजिनिअर, कामाला पक्की. त्या गुजराती आणि हिंदी मिसळून बोलतात. मी मराठीत लिहितो.

त्या म्हणाल्या, नवा पैसा आला आहे. पाऊस आता पूर्वीसारखा चार महिने पुरवून पडत नाही. एका दुपारी ओततो. म्हणून शहराने गल्ल्या त्याच्यासाठी तयार करायच्या. थोडा पैसा सरकारचा, थोडा शहराचा आणि थोडा गल्लीचा. गल्लीच्या वाट्याला इकडे लोकफाळो म्हणतात. आमची गल्ली त्यात बसत होती. फटी असलेले ब्लॉक, खाली वाळू आणि खडी, मागच्या टोकाला नाल्याजवळ जाळी लावलेला शोषखड्डा. पडलेलं पाणी मुरेल, उरलेलं नाल्यात जाईल. मार्चअखेर काम झालं नाही तर पैसा परत.

लोक खूश झाले. पुढे वर्गणी गणपतीची जमते तशी दोन रविवारांत जमली.

त्या दिवशी कलाबाईने मात्र एकच विचारलं. "बेन, हे बसवणार कशावर?"

"जुन्या काँक्रीटला भोकं पाडू, मासी. त्याच्यावर खडी, मग ब्लॉक."

"म्हणजे आणखी एक वीत वर."

"हो, एक वीत."

"आणि मोठा पाऊस आला तर?"

जयश्रीबेन खोटं बोलल्या नाहीत. "तर थोडं वरून वाहील."

"वाहून कुठे जाईल?"

सगळ्यांना माहीत होतं कुठे जाईल. कोणी तिच्या दाराकडे बघितलं, कोणी मोबाइलकडे.

"जुनं खोदून काढा," कलाबाई म्हणाली.

"मला कळतं, मासी. पहिल्यांदा मी तसंच लिहिलं होतं. खोदकाम धरलं की रक्कम मर्यादेबाहेर जाते, काम मंजूरच होत नाही. यंत्रही लावता येत नाही. गल्ली अरुंद, खाली गॅसची लाइन."

"मग आम्ही खोदतो."

"तुमची मेहनत लोकफाळ्यात धरता येणार नाही. पैसे भरावेच लागतील."

"धरू नका. पैसे पण घ्या, मेहनत पण घ्या. पण माझ्या उंबऱ्याच्या वर बोटभर चढू देणार नाही. गाडी आली तर मी गाडीपुढे खाट टाकून बसेन."

गल्लीच्या मध्यावर गणेशचं किराणा दुकान आहे. गणेश परभणीचा, दुकान दोन मजली, फरशी कधीच वर घेतलेली. दुकानापासून गल्लीपर्यंत त्याने सिमेंटचा उतार केला होता, स्कूटर थेट पैशांच्या गल्ल्यापर्यंत यायची. तो म्हणाला, "मावशी, तुमचं घर खड्ड्यात आहे म्हणून आख्खी गल्ली खड्ड्यात घालता का?"

"गल्ली होती तिथेच होती, गणेशभाऊ. तुम्ही तिला डोंगरावर चढवली."

"आणि पैसा परत गेला म्हणजे?"

"जाऊ दे. माझ्या घरात पाणी घालायला मी वर्गणी देणार नाही."

लोक हसले, पण तिच्या बाजूने कोणी बोललं नाही. मीही नाही. काँक्रीट हाताने फोडणं काय असतं ते मला ठाऊक आहे.

जाताना जयश्रीबेन थांबल्या. म्हणाल्या, "मासी, होळी झाली की मी लेव्हल घ्यायला येईन. मला जी जमीन मिळेल तिच्यापासून मी माप धरते. वर मिळाली तर वर, खाली मिळाली तर खाली. पाइप कुठून जातात ते दाखवायला माणूस पाठवीन आणि मलबा न्यायला ट्रॅक्टर देईन. एवढंच माझ्या हातात आहे."

"पुष्कळ आहे," कलाबाई म्हणाली.

घरी कुंदनने तिला समजावलं. भिंतीला भिंत, त्यामुळे मला ऐकू आलं. तो म्हणाला, "माय, कोणी येणार नाही खणायला. गिऱ्हाईक तयार आहे. पावसाच्या आत देऊन टाकू."

"तुले जानं व्हई ते जाय. मी आठेच ऱ्हासू."

"इथे राहून काय करणार?"

"खणणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडून घण आणि छिन्नी मागून नेली आणि आधी आपल्या दारापुढचा बांध फोडला. सिमेंट जुनं, चांगलं घट्ट होतं. तिच्या अंगात घण पेलायचं बळ नाही. छोटे घाव घालत राहिली. दुपारपर्यंत बांध उखडला. तुकडे घमेल्यात भरून तिने नाल्याकडे नेऊन टाकले, परत बसवता येऊ नयेत म्हणून. मग छायाच्या दारापुढे उभी राहिली.

"माझा काढला," ती म्हणाली. आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. "तुझ्या घरात पाणी मी घातलं होतं. आता येईल ते माझ्यात येईल."

छाया चहा गाळत होती. ती गाळत राहिली. पण तिचा नवरा सागर रातपाळी करून झोपला होता, तो आवाजाने उठून बाहेर आला. फुटलेली जागा बघत उभा राहिला. म्हणाला, "मावशी, घण असा नाही धरत." आणि तो तिच्या हातातून घेऊन गल्लीचं काँक्रीट फोडायला लागला.

रविवारी बरीच माणसं उतरली. काही कलाबाईसाठी आली, काही लाजेने, काही शेजारी आला म्हणून. पाइप दाखवणारा माणूस चुन्याच्या रेघा मारून गेला होता. आणि आम्ही शेतकऱ्यांची पोरं जे करायचं तेच केलं. ज्याने त्याने आपापल्या दारापुढे खणलं. माझं ते माझं, तुझं ते तुझं. कोणी ढोपरभर खाली गेलं, कोणाचं काँक्रीट नुसतं ओरखडलं गेलं. मीही माझ्याच दारापुढे होतो. संध्याकाळी गल्ली कुत्र्यांनी उकरल्यासारखी दिसत होती.

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला. फार नाही, तासभर. सगळे खड्डे भरले आणि भरून वाहिले. कलाबाईच्या दारापुढचा खड्डा सगळ्यांत खोल आणि दारापुढे बांध नाही. पाणी सरळ घरात. पंधरवड्याचं खड्यांचं काम, पार्टीच्या, म्हणजे काम देणाऱ्या व्यापाऱ्याच्या साड्या, जमिनीवर गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या. कुंदनची बायको हर्षदा त्या खाटेवर फेकत होती. कलाबाई ताटलीने पाणी उपसत होती.

छाया आपल्या दारातून बघत होती. मग हंडा घेऊन आली. पाणी भरून बाहेर फेकायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "ताटलीने समुद्र उपसता का, कलाबाई. बादली नाही घरात?"

"बादलीत साड्या आहेत."

पाऊस उघडला तेव्हा गणेश दुकानाच्या उतारावर उभा होता. "मी म्हटलं नव्हतं? आता बस करा, मावशी. भरून घ्या खड्डे. बेनला सांगू, वरून टाका म्हणून."

दोघातिघांनी माना डोलावल्या. कुंदन ओल्या साड्या पिळत होता, तो तिच्याकडे बघत होता. तिथे ती नाही म्हणाली नसती तर गोष्ट संपली असती.

ती चिखलात उभी राहिली. "पाणी कुठे थांबलं ते बघितलं का? तुझ्या खड्ड्यात तुझं, माझ्या खड्ड्यात माझं. बांधासारखेच खड्डे केले आपण. उलटे बांध." मग माझ्याकडे वळली. "सुपडूआबा, तुम्ही चर खणायचे तो कुठून सुरू करायचे?"

"पाणी बाहेर पडतं तिथून. मागून पुढे यायचं."

"मग नाल्यापासून धरा. दार कोणाचं ते बघायचं नाही. माझं दार आलं तेव्हा येईल."

"तुझं दार येईपर्यंत होळी येईल," कोणीतरी म्हणालं.

"मग हात लवकर चालवा."

कशी पाळी लावायची हे तिनेच ठरवलं. लूमवर एका माणसाचा जोडीदार असतो. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. मशीन थांबत नाही. एक निघतो, दुसरा उभा राहतो, आणि निघणारा सांगून जातो की कुठला धागा तुटतोय, कुठलं मशीन कुरकुरतंय. न सांगता गेला तर दुसऱ्या दिवशी शिव्या खातो. कलाबाईने गल्लीत तशाच जोड्या लावल्या. रातपाळीचे सकाळी घरी येऊन खणायचे आणि मग झोपायचे. दिवसपाळीचे संध्याकाळी आल्यावर. टिकाव हातातून हातात जायचा आणि त्याच्याबरोबर निरोप: इथे पाण्याचा पाइप आहे, इथे खाली वीट लागली, इथे जपून. दुपारी खडे लावणाऱ्या बायका घमेली उचलायच्या. छाया आणि कलाबाई एक जोडी. त्या बोलत होत्या, म्हणजे भांडत होत्या.

मेहनतीबद्दल खरं लिहितो. वरचं काँक्रीट सगळ्यांत वाईट. घण बसतो आणि मनगट सुन्न होतं, तुकडा मात्र तळहाताएवढा निघतो. त्याच्याखालचं काँक्रीट जुनं, पण पातळ, ते लवकर हरलं. ब्लॉक सुटे निघाले, धुऊन ठेवले, कामाला येतात. मुरूम सोपा. बारा तास लूमवर उभं राहून आलेला माणूस तासभर नीट खणतो, पुढे नुसता टिकाव हलवतो. कलाबाई असा हलवणारा बघितला की म्हणायची, "जा, झोप. उद्या खरं काम कर." दोघांचे खांदे धरले, सागरच्या अंगठ्यावर दगड पडला. काहींनी एकदाही फावडं उचललं नाही, त्यांनी चहा पाठवला. त्या चहाला कलाबाईने नाही म्हटलं नाही, पण तो खणणारा चहा नाही, हे मोठ्याने सांगितलं.

रोज पाण्याने भरलेली नळी लावून आम्ही उतार बघत होतो. नाल्याकडे बोटभर, मग आणखी बोटभर. खाली काळी माती लागली तेव्हा कलाबाईने ती चिमटीत घेऊन बघितली. म्हणाली, "ही ती. आम्ही आलो तेव्हाची."

गल्लीच्या मध्यावर गणेशचा उतार आडवा आला.

"मी हात लावणार नाही," तो म्हणाला, "आणि तुम्ही लावला तर पोलिसांत जाईन."

"दुकान तुमचं आहे, वरच राहू द्या. उतार गल्लीत आहे."

"गिऱ्हाईक काय उड्या मारत येईल?"

"पायऱ्या बांधा."

"म्हाताऱ्या बायका पायऱ्या चढतील?"

"मी चढेन. साखरेचा भाव खाली आणला तर रोज चढेन."

लोक हसले. गणेश हसला नाही. त्याचंही चुकीचं नव्हतं. धंदा त्या उतारावर होता आणि गल्ली खाली गेल्यावर त्याला पुन्हा खर्च होता. कलाबाईने उताराला हात लावू दिला नाही. उताराच्या अलीकडे खणायला लावलं, मग पलीकडे. दोन दिवसांनी उतार हवेत संपत होता. त्याच्यावरून स्कूटर चढवणं सोडा, पाय ठेवायचीही सोय राहिली नाही. गिऱ्हाईक खालून हात वर करून बिस्किटं मागायचं. शेवटी गणेशने स्वतःच घण आणला. दोघंजण मदतीला गेले त्यांना त्याने हाकलून दिलं. एकट्याने पूर्ण उतार फोडला, प्रत्येक घावाला कलाबाईचं नाव घेत. चांगलं फोडलं. एवढा खोल, सरळ तुकडा आमच्यापैकी कोणाचा नव्हता.

होळी झाली. जयश्रीबेन लेव्हलचं यंत्र घेऊन आल्या. आधी गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालल्या. माप घेतलं. म्हणाल्या, "ही जमीन मला मिळाली." वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खडीची गाडी पाठवली. काम मार्चअखेरीला दोन दिवस राहिले असताना संपलं. आमच्या खोदकामाचा कुठे उल्लेख नाही. कलाबाईने तो मागितलाही नाही. तिने जयश्रीबेनना एवढंच सांगितलं, "पुढच्या गल्लीचं एस्टिमेट कराल तेव्हा खोदणं धरा. माणसं रोज मिळत नाहीत."

"वर लिहून पाठवलंय, मासी."

"परत पाठवा. मी पण येते तुमच्याबरोबर." आणि ती गेली. मोठ्या ऑफिसात तिचा आवाज कुठपर्यंत गेला मला माहीत नाही. उत्तर अजून आलेलं नाही. ती दर महिन्याला जाऊन विचारते.

आषाढात तो पाऊस आला. दुपारी अंधारलं आणि ओतलं. मेन रोडवर गाड्या बंद पडल्या. आमच्या गल्लीत पाणी आलं, पाऊलभर साचलं, ब्लॉकांच्या फटीतून बुडबुडे निघत राहिले आणि बाकीचं नाल्याकडे सरकलं. कलाबाईच्या उंबऱ्याच्या खाली दोन बोटं राहिलं. ती दारात बसून त्या दोन बोटांकडे बघत होती, कोणी मापात लबाडी करेल म्हणून बघावं तशी. नाला जिला मिळतो ती खाडी फुगली आणि नालाच उलटा फिरला तर काय, हे आम्हाला माहीत आहे. ते मी तिला विचारलं.

"येऊ दे खाडीला," ती म्हणाली. "तिच्याशी वेगळं भांडू."

पाऊस थांबल्यावर दलाल आला. घराच्या जुन्या गिऱ्हाइकानेच पाठवला होता. कुंदन त्याच्याशी बोलला आणि आत आला, कपाळ सांभाळून. "माय, गल्ली कोरडी राहिली म्हणून भाव वाढवून देतोय. आता तर सोन्यासारखी वेळ आहे."

कलाबाई साडीवर खडे लावत होती. मान वर केली नाही.

"त्याला सांग, घर घ्यायचं असेल तर तुझ्या गल्लीत खणून घे. आपलं विकायला नाही." मग पुढचा खडा लावत म्हणाली, "तो गेला की नाल्यावर जा. जाळीत कचरा अडकला असेल. जाळी साफ करायची आज आपली पाळी आहे. गणेशला हाक मार, तो तुझा जोडीदार आहे."

कुंदन दारात उभा राहिला. दलालाने विचारलं, "काय म्हणाली?"

कलाबाई हळू बोलत नाही. दलालाने सगळं ऐकलं होतं. कुंदनने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गणेशला हाक मारायला गेला.